बिनमाईकचा हंगाम

शंकरप्पा दुकानात आले आणि "माईक नको" म्हणाले, तेव्हा आमच्या यांना, म्हणजे बालाजीरावांना, वाटलं, त्यांच्या घरी कुणीतरी गेलं.

"कधी झालं?" त्यांनी आवाज खाली आणून विचारलं.

"काय कधी झालं?"

"न्हाई, माईक नको म्हणलात..."

"अरे बाबा, कुणी मेलं न्हाई! गाणं ठेवायलोय मी देवडीत, गाणं!"

"गाणं? अन् बिनामाईकचं?" बिनमिठाचं वरण तोंडात गेल्यासारखा यांचा चेहरा झाला. "मग लोकांना कळावं कसं, गाणं सुरू झालं म्हणून?"

"जे आत बसतील त्यांना कळंल. बाकीच्यांना कशाला कळाया पायजे?"

हा विचार आमच्या साऱ्या बिलोली तालुक्याला नवीन होता.

आमचं दुकान म्हणजे 'आरती बिछायत केंद्र व साऊंड'. आरती आमची लेक. ती आता सासरी असते, पण पाटीवर अजून आमच्याकडंच आहे. बिछायत माझ्याकडे, साऊंड यांच्याकडे. गाद्या, लोड, सतरंज्या, पडदे, पातेली हे माझं राज्य, आणि कर्णे, डबे, वायरी हे त्यांचं. बारसं असो की तेरावं, लग्न असो की जयंती, आधी आमचा टेम्पो पोचतो आणि मग पाहुणे. जोडी शोभते आमची. मी माणसांना बसवते आणि हे आवाज सोडून त्यांना उठवतात.

शंकरप्पांची देवडी, म्हणजे वाडाच, जुन्या वेशीपाशी आहे. निजामाच्या काळात त्यांच्या पणजोबांनी बांधलेली. अप्पा पाटबंधारे खात्यात इंजिनीयर होते. रिटायर झाल्यावर दोन वर्षं त्यांनी त्या घराला चुना लावून घेतला, खांबांना तेल पाजलं, छताच्या तक्तपोशीची एकेक फळी उतरवून पुसून परत चढवली. घर असं झालं की बघणारा पहिल्यांदा म्हणायचा, "अप्पा, आता मंगल कार्यालय काढा." अप्पा म्हणायचे, "काढीन, पण तुझं लग्न झालं की." विचारणाऱ्याला नातवंडं असायची.

त्यांच्या मनात वेगळंच होतं. आजोबांच्या वेळी हैदराबादचे गाणारे-वाजवणारे त्या दिवाणखान्यात बसून गेलेले. तसंच पुन्हा करायचं. दिवाळीपासून शिवरात्रीपर्यंत चार बैठकी, दर महिन्याच्या एका शनिवारी. दुपार कलली की सुरू आणि दिवेलागणीला बंद, म्हणजे नांदेडच्या लोकांना परतीची बस सापडावी. माणसं दिवाणखान्यात मावतील तेवढीच.

"ते घर आपलं आपण बोलतंय, तंगी," अप्पा मला म्हणाले. कानडीत धाकट्या बहिणीला तंगी म्हणतात. मला ते लग्न होऊन आल्यापासून तंगीच म्हणतात. "त्याच्या तोंडाला कर्णा कशाला बांधायचा?"

मी म्हटलं, "अप्पा, बिछायत तुमच्या मनासारखी घालते. पण एक अट हाय. मला बसायला जागा पायजे. दारात न्हाई, वळचणीला न्हाई. आत."

"अगं, गाद्या तुझ्या. कुठं बी बस की!"

त्यांना ती अट गमतीची वाटली. माझ्यासाठी ती गंमत नव्हती.

माझं माहेर जळकोटचं. आमच्या दादांकडे, म्हणजे वडिलांकडे, रेडिओ होता आणि त्या रेडिओचे सेल म्हणजे घरातला सगळ्यात नाजूक जीव. ते उतरत आले की दादा त्यांना पत्र्यावर उन्हात ठेवायचे, पापडासारखे. बाजारभाव ऐकायचे, हवामान ऐकायचे. मधे बाई सांगायची, "आता ऐकू या राग अमुक," आणि तंबोरा सुरू व्हायचा. आवाज नुसता जागा होऊन कूस बदलायला लागला की दादा कान पिळून रेडिओ बंद करायचे. "सेल जातेत." पुढे बातम्यांसाठी लावायचे ते जरा आधी लावायचे, तेव्हा दुसऱ्याच कुठल्या रागाचं शेवटचं घाईघाईचं मला सापडायचं. असं एकाचं डोकं आणि दुसऱ्याचं शेपूट ऐकत मी मोठी झाले. मधलं धड कधी पाहिलंच नाही.

आता मोबाईल आहे, सगळं आहे. भाकरी थापताना लावते. विलंबित संपत आलं की बरोबर फोन वाजतो. "ताई, दोनशे खुर्च्या पायजेत." तर मला एकदा, एकच राग, माणूस समोर बसून वाजवतोय असा, पहिल्यापासून शेवटपर्यंत बसून ऐकायचा होता. एवढीच हौस. सोनंनाणं मागत नव्हते मी.

पहिल्या बैठकीला लातूरहून एक वयस्क खाँसाहेब सारंगी घेऊन येणार होते. मी ठरवलं, देवडीला शोभेल अशी बिछायत घालायची. दुहेरी गाद्या घातल्या. वर परीटघडीच्या चादरी. भिंतींना लाल मखमली पडदे, खांबांना झालरी आणि तक्तपोशीखाली गुलाबी कापडाचं छत ताणलं. लोड तर इतके की माणूस कुठंही कलंडला तरी लोडावरच पडावा. अप्पा दारात येऊन उभे राहिले.

"कुणाचं लग्न हाय गं?"

"सारंगीचं," मी म्हटलं. लई खुशीत होते मी.

मी तिसऱ्या खांबाशी जागा धरली. खाँसाहेबांनी सारंगी छातीशी घेतली, गज ओढला, आणि थांबले. परत ओढला, परत थांबले. वर छताकडे पाहिलं, भिंतींकडे पाहिलं, मांडीखालची गादी बोटानं दाबून बघितली. मागून निवृत्ती सरांनी, म्हणजे हायस्कूलचे रिटायर हेडमास्तर, शेजाऱ्याला विचारलं. हळू विचारलं, पण हळू बोलायची सवय नाही त्यांना.

"वाजवून राहिले का अजून जुळवून राहिले?"

खाँसाहेब हसले. माझ्याकडे बघून म्हणाले, "बेटा, आपने तो सारंगी को दुलई ओढा दी. उसको थोडी जमीन दो."

जन्मात माझ्या गाद्यांबद्दल कुणी तक्रार केली नव्हती. लग्नात गादी जितकी जाड तितकी इज्जत मोठी, हे आमच्या धंद्यातलं पहिलं वाक्य. गादी आवाज खाते हे मला कोण सांगणार? आमच्याकडे आवाजच एवढा असतो की गादीनं पोटभर खाल्लं तरी उरतो.

मग सगळी सभा उठून उभी राहिली. पाव्हण्यांनी गाद्यांची टोकं धरली, सरांनी शिडी धरली, मी छत सोडलं, आणि माझ्याकडे कामाला असते ती केवळाबाई लोड दोन-दोन बगलेत मारून पळाली. बसची वेळ गाठायची म्हणून खाँसाहेबांनी तोवर सुरूही केलं. मी गादी घेऊन ओसरीत जायची, परत आत यायची. एका खेपेला एक आलाप, दुसऱ्या खेपेला एक तान. शेवटचा पडदा घडी करून ठेवला आणि आत टाळ्या पडल्या.

घरी आल्यावर यांना विचारलं. हे तर मोकळेच. साऊंड नाही म्हटल्यावर पुढच्या रांगेत मांडी घालून बसलेले.

"कसं झालं?"

"लई भारी."

"पण काय वाजवलं?"

"सारंगी."

"ते मला बी दिसलं. कसं वाजवलं?"

यांनी खूप विचार केला. घास हातात धरून विचार केला. "म्हंजे असं बघ. आधी हळू हळू. मग जोरात."

देवा, ज्याला कान दिलेस त्याला तोंड का रे दिलं नाहीस!

दुसऱ्या बैठकीला मी सूड उगवल्यासारखं सगळंच काढून टाकलं. नुसती शहाबादी फरशी आणि तिच्यावर एकेरी सतरंजी. आता जमीनच जमीन. बासरी होती. वाजवणाऱ्यानं पहिली फुंक मारली आणि ती खांबाखांबाला शिवून परत आली. अंगावर काटा आला माझ्या. घर बोलतंय म्हणजे काय, ते तेव्हा कळलं.

पण घर नुसती बासरीच बोलेना. जे जे ऐकलं ते ते बोलायला लागलं. कुणी बांगडी सारली, घरानं सांगितलं. सरांनी खोकल्याच्या गोळीचा कागद काढला, तेही सांगितलं. आणि वर मार्गशीर्षाची थंडी. फरशी अशी गार की पहिल्या पाच मिनिटांत म्हातारी मंडळी अंग चोरून बसली.

"सुकन्या माय," एका आजोबांनी माझा पदर ओढला, "बुडाखाली घ्यायला काई हाय का गं?"

मी वाकत वाकत गेले, ओसरीतून एक आसन आणून दिलं. ते शेजारच्या मावशींनी पाहिलं. मग त्यांच्या शेजारणीनं. मग काय, मी रांगत एकेकाला आसन पोचवायला लागले आणि बासरी माझ्या डोक्यावरून जात राहिली.

त्यात अप्पांचा सत्कार. अप्पांना कुणाचाही सत्कार केल्याशिवाय राहवत नाही. आमच्या तालुक्यात शाल कुणी विकत घेत नाही, ती फिरते. आज तुमच्या खांद्यावर, उद्या तुमच्याकडून माझ्या. तर कुणी साहेब उशिरा आले, अप्पांनी खूण केली, आणि मी शाल-श्रीफळाचं ताट घेऊन भिंतीकडेनं निघाले. नारळ ताटातून सुटला. गाद्या असत्या तर मुकाट पडला असता. तो फरशीवरून गडगडत, प्रत्येक सांध्यावर उडी मारत, सगळ्या सभेच्या मधून थेट बासरीवाल्याच्या गुडघ्याला जाऊन टेकला. त्या भल्या माणसानं वाजवणं सोडलं नाही. नुसत्या भुवया वर करून नारळाला नमस्कार केला. लोक तोंडात रुमाल कोंबून हसत होते. मला मात्र वाटलं, फरशी दुभंगावी आणि मला पोटात घ्यावं, नारळासकट.

तिसऱ्या खेपेला शहाणी झाले. मागं म्हाताऱ्यांना पातळ गाद्यांची एक रांग, मधे सतरंजी, पुढं मोकळी फरशी. आदल्या दिवशी सरांना चौफेर फिरून टाळ्या वाजवायला लावल्या आणि कुठं किती घुमतं ते मी ऐकत बसले. चहा केवळाबाईकडे सोपवला. नारळ अप्पांच्याच मांडीवर ठेवला. लातूरच्या एक गायिका आल्या होत्या. मी तिसऱ्या खांबाशी ऐसपैस बसले आणि त्या गायला लागल्या.

काय गात होत्या म्हणून सांगू! सूर लावायच्या आणि त्याला जरा वेळ एकटं सोडायच्या, लेकरू पहिल्यांदा उभं राहिल्यावर आई हात काढून घेते तसं. मी मधल्या धडापाशी आले होते. पहिल्यांदा आयुष्यात. आणि मला दिसलं की दाराशी सतरंजीचं टोक दुमडलंय.

कुणाचा तरी पाय अडकंल, मनात आलं. अडकू दे, मी म्हटलं. मग वाटलं, म्हातारं माणूस पडलं तर? उठले, टोक सरळ केलं. तिथून ओसरी दिसत होती, तिथं एक गादी उन्हात राहिलेली. ती सावलीत ओढली. तिथं कपांचा ढीग कलंडायला आलेला, तो नीट लावला. कप नीट लावून होईस्तोवर आतून शेवटची भैरवी ऐकू आली आणि मी ओसरीच्या पायरीवर बसून राहिले.

घरी जाताना टेम्पोत हे म्हणाले, "आज तर तुला कुणी हाक बी मारली न्हाई."

"माहीत हाय."

"मग कशाला उठलीस?"

  सगळ्या जगाला बसवता बसवता माझ्या गुडघ्यांना बसायचा विसर पडला होता. आता राहिली होती एकच बैठक. पुढच्या वर्षी अप्पा हा हंगाम करतील की नाही कुणी सांगावं, वय झालं त्यांचं. ह्या वेळी उठले तर मग उठलेच.

चौथ्या बैठकीच्या दिवशी सकाळीच एक बाई दुकानात आल्या. माझ्याच वयाच्या, खांद्याला लांबट पेटी. नांदेडच्या रेल्वे ऑफिसात नोकरीला होत्या. नाव पंचशीला. आज वाजवणाऱ्या ह्याच, हे मला पेटी बघून कळलं, त्यांच्याकडे बघून नाही. त्या इतक्या घाबरलेल्या होत्या की मी आधी पाणी दिलं.

"अप्पांनी सांगितलं, बिछायतीचं तुमच्याकडं असतं म्हणून," त्या म्हणाल्या. "मला एक गोष्ट पाहिजे होती. मिळते का माहीत नाही."

"सांगा की. लोड, तक्के, काय पायजे ते हाय."

"एक माणूस पाहिजे. माझ्यासमोर बसणारं आणि शेवटपर्यंत न उठणारं."

मला हसू आलं. "बाई, ते सोडून सगळं भाड्यानं मिळतं आमच्याकडं."

त्याही हसल्या आणि मग जरा मोकळ्या झाल्या. त्यांनी पेटी उघडून दाखवली. दिलरुबा. सतारीसारखे पडदे आणि सारंगीसारखा गज. गुरुद्वाऱ्याजवळच्या गल्लीत राहायला गेल्या, तिथं एक म्हातारे रागी, म्हणजे गुरुद्वाऱ्यात कीर्तन गाणारे, शेजारी होते. त्यांच्याकडं रोज संध्याकाळी ऑफिसातून सुटलं की शिकायच्या. चाळिशीत सुरुवात केली. लोक म्हणायचे, ह्या वयात?

"मी म्हणायचे, ह्या वयात गुडघे धरतात, तर हात तरी मोकळे करू द्या."

"मग अडलं कुठं?"

"घरी वाजवायला बसले की कुणीतरी उठतं हो. सासूबाई औषधाला, नवरा दाराला, पोरगी फोनला. आणि माणूस उठलं की माझा गज थांबतो. सवयच लागली. आता कुणी नुसतं हललं तरी मी राग आवरता घेते. गुरुजी गेले दोन वर्षांखाली. म्हणायचे, पंचशीला, तू रागाला दारापर्यंत सोडून घाईनं परत का येतेस? घरात दूध ठेवलंय का गॅसवर?" त्यांनी पेटी बंद केली. "मी अजून एकदाही लोकांसमोर एक राग पुरा वाजवला नाही, ताई. आज नाही झाला तर परत कुणापुढं बसायची नाही, असं ठरवून आलेय."

 मला राग पुरा ऐकायला मिळाला नव्हता आणि ह्यांना पुरा वाजवायला. दोघींच्याही मधे माणसं उठत होती. फरक एवढाच की माझ्याकडे उठणारी मीच होते.

"मी बसते," मी म्हटलं.

"नक्की?"

"उठले तर गज फेकून मारा."

दुपारी दिवाणखाना भरला. पंचशीलाबाई पुढच्या मोकळ्या फरशीवरच्या बैठकीवर बसल्या, शेजारी तबल्याला त्यांचा भाऊ नागसेन. मी त्यांच्या बरोबर समोर, हातभर अंतरावर. केवळाबाईला बजावून आले होते, मागच्या ओसरीत दूध तापत ठेव आणि तिथून हलू नको.

त्यांनी डोळ्यांनी मला विचारलं. मी मांडी घट्ट केली.

दिलरुब्याचा आवाज मोठा नसतो. तो खोलीला हाक मारत नाही, खोलीच त्याच्याजवळ सरकते. पूरिया धनाश्री सुरू झाला. पहिला काही वेळ मला राग ऐकूच आला नाही, कारण मी माझेच गुडघे ऐकत होते. मागं कुणीतरी खोकलं, वाटलं पाणी द्यावं. समईची वात काजळली, वाटलं सारावी. पंचशीलाबाईंची नजर माझ्यावर होती, भिंतीला टेकू द्यावा तशी. मी हात मांडीखाली घातले. दोन्ही. लहानपणी शाळेत मास्तर बसवायचे तसे.

मग कधीतरी गुडघे गप्प झाले. उन्हं खिडकीतून तिरपी होऊन खांबांवर आली, तेल पाजलेलं लाकूड लाल झालं आणि सूर वर चढून तक्तपोशीखाली फिरायला लागले. ज्या सुरांना मी रेडिओच्या आत कोंडलेलं ऐकत आले, त्यांना आज हिंडायला जागा होती. नागसेननं ठेका धरला. सरांची मान डोलायला लागली. अप्पांनी डोळे मिटले. मी दारात पाहिलं, तर चौकटीला टेकून केवळाबाईही डोळे मिटून उभी.

केवळाबाई इथं, मग दुधापाशी कोण?

उत्तर वासानंच आलं. आधी बारीक, साईसारखा. मग करपट. साऱ्या सभेच्या चहाचं दूध मागं जळत होतं आणि तो वास सतरंजीवरून चालत चालत पहिल्या रांगेपर्यंत आला. बायकांच्या माना एकामागून एक माझ्याकडे वळल्या. कोपऱ्यातल्या मावशींनी तर भुवयांनी दाराकडे ढकललंच मला. माझं अख्खं अंग उभं राहिलं, नुसती मीच बसून होते. तीस वर्षांत माझ्या हातचं दूध कधी उतू गेलं नव्हतं.

पंचशीलाबाईंनाही वास आला होता. गज मंद झाला. अगदी थांबायच्या काठावर आला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला त्यांचा चेहरा कळला, कारण तो माझाच होता. आता उठावं लागणार.

मी मान हलवली. नाही. जळू दे.

त्या क्षणभर बघत राहिल्या. मग हसल्या, खांदा जरा पुढं केला आणि गज असा ओढला की खालच्या तरफेच्या तारा सगळ्या एकदम बोलल्या. कुणीतरी "वाऽ" केलं. ते मीच केलं, मला नंतर कळलं.

मागच्या रांगेतून हे उठले. माझे, साऊंडवाले. चवड्यांवर चालत, हात पसरून तोल सावरत ओसरीकडे गेले. जरा वेळानं पातेल्याचं झाकण पडलं. घरानं ते नीट सगळीकडे पोचवलं. मग दबलेल्या आवाजात "आई गं", ते पण पोचवलं. नागसेनचे खांदे हसून हलत होते, पण ठेका सुटला नाही. पंचशीलाबाईही हसत होत्या आणि वाजवत होत्या. आता त्यांची नजर माझ्यावर नव्हती. कुणावरच नव्हती. त्यांना टेकू नको होता. जलद गत आली आणि त्या अशा निघाल्या की आता दारात सगळा तालुका उठून उभा राहिला असता तरी बाई थांबत नव्हती.

आणि राग संपला. कुणी बंद केला नाही. सेल गेले नाहीत, फोन आला नाही. वाट संपते तसा आपला आपण संपला.

 गज अजून तारेवर होता.

"संपला," पंचशीलाबाई म्हणाल्या. कुणाला सांगत होत्या कोण जाणे.

"हाव, संपला," मी म्हटलं. "पुरा."

मग टाळ्या. अप्पा शाल घेऊन उठले, पण गडबडीत त्यांनी ती जवळ उभ्या असलेल्या केवळाबाईच्याच खांद्यावर घातली. आणि एकदा घातलेली शाल परत काढायची कशी? तिला म्हणाले, "असू दे, थंडी हाय." केवळाबाईनं ती लगेच दोन्ही खांद्यांवरून नीट ओढून घेतली.

हे शर्टावर दुधाचे ओघळ घेऊन दारात आले. "अर्धं वाचलंय. चहा करपट लागंल जरा."

"करपट तर करपट," निवृत्ती सर ओरडले, "पण आणा!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सवयीनं.

"यांना मागा," मी म्हटलं. "मी बसलेय."

चहा झाला. धुरकट, पण गरम. लोक बसच्या वेळेनं पांगले. जाताना जो तो अप्पांना पुढच्या कार्तिकाचं विचारत होता आणि अप्पा कुणालाच नाही म्हणत नव्हते. नागसेननं तबले खोळीत घातले. आम्ही दोघी मात्र जिथं होतो तिथंच, समोरासमोर. पंचशीलाबाई मला गज कसा धरायचा ते दाखवत होत्या. माझ्या हातानं दिलरुब्यातून जो आवाज निघाला, त्याला घरानं सुद्धा उत्तर दिलं नाही.

"असंच निघतं सुरुवातीला," त्या म्हणाल्या. "मी सहा महिने शेजाऱ्यांची मांजर पळवून लावली होती."

"मांजर आमच्याकडं न्हाई. पण हे हायत."

दाराकडून केवळाबाई शाल पांघरून सतरंजी गुंडाळत येत होती. गुंडाळी मोठी होत होत आमच्या गुडघ्यांपाशी येऊन टेकली.

"उठता का आता," ती म्हणाली, "का तुम्हाला बी गुंडाळू?"

"गुंडाळ," पंचशीलाबाई म्हणाल्या.